रंग डोळ्याला, लोकर हाताला : प्रस्तावना

रत्नागिरी जिल्ह्यात लोकरीची मेंढी टिकत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर जमीन वाळत नाही, खूर कुजतात, भिजलेली लोकर अंगावर ओलीच राहते, जंत वाढतात. म्हणून सह्याद्रीच्या माथ्यावरच्या आणि आपल्या बाजूच्या उतारावरच्या धनगरवाड्यांत म्हशी दिसतात, मेंढरं दिसत नाहीत. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी 1982 साली गवळी धनगरांवर जो शोधनिबंध लिहिला त्यात ही वाटणी नीट मांडली आहे: भरपूर पावसाच्या पट्ट्यात म्हैस आणि लोणी, घाटापलीकडच्या कोरड्या माळावर हटकर धनगरांची मेंढी. मग मेंढीच्या लोकरीचं, रंगाचं आणि त्यावरून पैदाशीचं जनावर निवडण्याचं पुस्तक कोकणातून का निघावं?

कारण गिऱ्हाईक इथलं होतं. प्लास्टिकचे कागद येण्याआधी आषाढात लावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर एक तर इरलं असे, नाही तर घोंगडीची खोळ. वर्षाला पाचशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या फलटण-लोणंदकडच्या मेंढीची लोकर घाट उतरून आमच्या तीन हजार मिलिमीटरखाली उभी राहायची. ती लोकर जाड, राठ, केसाळ आणि तेलकट असल्यामुळेच पाणी बराच वेळ बाहेर थोपवायची. मऊ, बारीक लोकरीचं कापड या कामाला आणलं असतं तर पहिल्याच सरीत पोटरीपर्यंत लोंबलं असतं. मेंढपाळ जेव्हा कळपातला कोणता एडका ठेवायचा आणि कोणता खच्ची करायचा हे ठरवत होता, तेव्हा त्याच्या नकळत आमचा पाऊसही त्या निवडीत होता. या पुस्तकातल्या सगळ्या लेखांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे: जनावराच्या अंगावरचं पांघरूण चांगलं की वाईट, हे कोणाच्या गरजेवरून ठरवायचं?

विषयाला नव्याने भिडणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी जमीन सपाट करून घेतो. मेंढीच्या अंगावर वाढतं ते सगळं एकजात नसतं. त्यात खरी लोकर असते, म्हणजे बारीक, लवचीक, आतून भरीव तंतू. त्यात केस असतात, ज्यांच्या मधोमध पोकळी असते. आणि काही ठिसूळ, खडूसारखे पांढुरके, जवळजवळ संपूर्ण पोकळ तंतू असतात, ज्यांना रंग लागत नाही आणि सूत काततानाच जे तुटून पडतात. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनोचा तंतू वीसच्या आगेमागे असतो. आपल्या दख्खनी मेंढीचा त्याच्या कितीतरी जाड, आणि त्यात केसांचा भरणा मोठा. तिची कातरणी वर्षातून दोनदा होते आणि दोन्ही मिळून हाती येते साधारण अर्धा-पाऊण किलो लोकर. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती मात्र वेगळी. तंतूचं टोक कधी कापलेलं नसतं, स्पर्श मऊ असतो, आणि जावळाच्या घोंगड्याला भावही चढा मिळतो.

आता यावरून एडका निवडायचा कसा? पहिली गोष्ट म्हणजे वरून पाहायचं नाही. काळ्या मेंढीची लोकर उन्हाने टोकाला तांबूस पडते, वर धूळ बसते, आणि चांगली काळीभोर मेंढी लांबून करडी दिसते. बरगडीच्या मध्यावर दोन्ही अंगठ्यांनी लोकर फाकून मुळाशी पाहावं लागतं. खरा रंग तिथेच कळतो. मग खांदा, मग मांडीचा मागचा भाग. खांद्यावर बारीक आणि मांडीवर राठ हा फरक प्रत्येक मेंढीत असतो. तो जिच्यात कमी, तिची लोकर एकसारखी. तळहातावर बट घेऊन ताणली की टिकाऊपणा कळतो. तंतू मधेच एका जागी तुटत असेल तर त्या वेळी जनावर आजारी किंवा उपाशी होतं असं समजावं.

इथेच नवशिका फसतो. उपाशी मेंढीची लोकर बारीक होते. दुष्काळात सांगोल्याच्या माळावर वाळलेलं खाऊन राहिलेला एडका आणि बागायती ऊसपट्ट्यात वाढं खाऊन माजलेला एडका शेजारी उभे केले तर पहिल्याची लोकर बारीक लागेल, आणि त्यात त्याच्या रक्ताचं कर्तृत्व काहीच नसेल. वय वाढतं तसा तंतू जाड होतो, तोही हिशेब धरायला हवा. म्हणून एकाच कळपातली, एकाच हंगामात जन्मलेली, एकाच चाऱ्यावर वाढलेली जनावरंच एकमेकांशी ताडून पाहावीत. हे वाक्य पुस्तकात जागोजागी येईल आणि काहींना कंटाळवाणं वाटेल. वाटू दे.

रंगाचं गणित वेगळ्या जातीचं आहे. लोकरीची जाडी, लांबी, दाटी यांच्यामागे अनेक जनुकांचा हात असतो. प्रत्येकाचा वाटा लहान, आणि चारापाण्याचा भाग वर. रंगाच्या मागे मात्र थोडी, पण जोरकस जनुकं असतात. मेंढ्यांच्या अनेक जातींत पांढरा रंग काळ्यावर मात करतो, आणि म्हणून दोन पांढऱ्या मेंढ्यांच्या पोटी अचानक काळं कोकरू येतं. मेंढका म्हणतो, कुठल्या तरी काळ्या एडक्याने कुंपण ओलांडलं. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. दोन्ही आईबापांत काळा दडलेला असतो, एवढंच. तो दडला आहे का हे तपासायची रीत सोपी आहे: संशयित पांढरा एडका पाच काळ्या मेंढ्यांवर फळवावा. त्याच्यात काळा दडलेला असूनही पाचही कोकरं पांढरी येण्याची शक्यता बत्तिसात एक. एकही काळं आलं की निकाल लागला. लोकरीच्या बाबतीत असा झटपट निकाल लावणारी परीक्षा नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वजनं, मापं आणि नोंदी ठेवाव्या लागतात.

माझ्या मते या विषयातले निम्मे घोळ या फरकातून निघतात. रंग दुरून दिसतो, चटकन कळतो, दोन-तीन पिढ्यांत पक्का करता येतो. लोकरीला हात लावावा लागतो, वही लागते, धीर लागतो. म्हणून माणूस रंग निवडतो आणि आपण वाण सुधारला असं समजतो.

जगाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डिशलीच्या रॉबर्ट बेकवेलने जवळच्या नात्यातल्या मेंढ्यांची जोडणी करून हव्या त्या अंगाच्या लेस्टर मेंढ्या तयार केल्या आणि आपले एडके तो हंगामापुरते भाड्याने देऊ लागला. निवड ही ठरवून करायची गोष्ट आहे, हे युरोपने त्याच्याकडून शिकून घेतलं. स्पेनने आपली मेरिनो शतकानुशतकं देशाबाहेर जाऊ दिली नाही. ती सुटली तेव्हा जगभरच्या लोकरीचं मापच बदललं. पण मला सगळ्यांत जास्त शिकवून जाते ती पेरूमधल्या अल्पाकाची गोष्ट. अँडीज पर्वतातला हा लोकरीचा प्राणी उंटाच्या कुळातला. त्याचे दोन प्रकार: फुगीर लोकरीचा वाकाया आणि लांब, लोंबत्या बटांचा सुरी. दक्षिण पेरूत एल यारल इथे सुमारे हजार वर्षांपूर्वी पुरलेले अल्पाका सापडले. कोरड्या हवेत त्यांची कातडी-लोकर टिकून राहिली होती. जेन व्हीलर यांनी ती तपासली तेव्हा आजच्या सर्वसाधारण अल्पाकापेक्षा ती बारीक आणि अंगभर एकसारखी निघाली. स्पॅनिश आक्रमणात माणसं मेली, कळप विखुरले, आणि निवड करणारे हात नाहीसे झाले. जनावरं उरली, पण ती पारखणारी परंपरा तुटली.

पुढचा धक्का बाजाराचा होता. टायटस सॉल्टने इंग्लंडमध्ये अल्पाकाच्या लोकरीवर प्रचंड धंदा उभारला आणि 1853 साली सॉल्टेअरची गिरणी सुरू केली. अशा गिरण्यांना पांढरी लोकर हवी असते, कारण तिला हवा तो रंग देता येतो. अल्पाकाच्या अंगावर काळ्या, तपकिरी, राखी मिळून बावीसएक नैसर्गिक छटा मोजल्या जातात. पण भाव पांढऱ्याला, म्हणून निवडही पांढऱ्याचीच. विसाव्या शतकात पुनोच्या डोंगरात हुलिओ बारेदा यांनी आकोयोच्या कळपात पांढऱ्या अल्पाकांच्या लोकरीची घनता आणि सूक्ष्मता वाढवून दाखवली. रंगीत अल्पाका मात्र कळपांतून कमी होत गेले. आता नैसर्गिक रंगाच्या कापडाला पुन्हा मागणी आल्यावर ते शोधावे लागतात.

दख्खनच्या माळावर याच्या नेमकं उलट घडलं. इथे बाजाराला काळी लोकर हवी होती. घोंगडं रंगवलं जात नाही. ते विणणाऱ्या सणगराकडे येणारी लोकर पिंजून, कातून, खड्डामागावर विणून, चिंचोक्याच्या खळीने ताठ करून जशी असेल तशी पांघरली जाते. पांढऱ्या सुताची किनार शोभेपुरती. त्यामुळे काळा एडका पवित्रही ठरला आणि उपयोगाचाही. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवांवर आणि त्यांच्या धनगर भक्तांवर गुंथर सोंथायमर यांनी आयुष्यभर जे काम केलं, त्यातून मेंढी, लोकर आणि दैवत यांचा हा गुंता उलगडत जातो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. लोकरीला भाव उरला नाही तरी तिचा मान शिल्लक आहे.

या निवडीच्या इतिहासात आपल्याकडे ढोबळमानाने चार प्रवाह दिसतात. त्यांच्या भिंती पक्क्या नाहीत, एकच माणूस दोन-तीन प्रवाहांतून वाहत आलेला असतो.

सगळ्यांत जुना प्रवाह मेंढपाळाच्या नजरेचा. त्याच्याकडे वही नाही, पण तीनशे मेंढरांतली प्रत्येकीची आई त्याला ठाऊक असते. एडका निवडताना तो आधी चाल पाहतो, कारण वर्षातले कित्येक महिने चालायचं असतं; मग आईचं दूध, मग अंग, मग लोकर. दख्खनीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे जे पोटप्रकार आज पुस्तकांत छापले जातात, ते या नजरेतून आणि त्या त्या मुलखाच्या हवापाण्यातून घडलेले आहेत.

दुसरा प्रवाह सरकारी सुधारणेचा. राजस्थानात अविकानगरला 1962 साली केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था उभी राहिली, त्या काळात बारीक लोकर हे देशभरचं उद्दिष्ट होतं. आपल्याकडेही दख्खनीवर मेरिनो आणि रॅम्बुले या परदेशी एडक्यांचा संकर झाला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात त्यावर बरीच वर्षं काम चाललं. लोकर सुधारली, पांढरीही झाली. पण ती घोंगड्याला नको होती, आणि तिचा वेगळा भाव देणारी गिरणी मेंढपाळाच्या वाटेवर नव्हती. उन्हात दिवसभर चालायचं आणि मिळेल त्यावर तगायचं हे दख्खनीचं खरं भांडवल संकरात पातळ होत गेलं. या प्रयोगांना हसणं सोपं आहे. शास्त्र चुकलं नव्हतं. मेंढपाळाला काय हवंय हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

तिसरा प्रवाह मांसाचा आणि आकड्यांचा. लोकरीची किंमत घसरली तशी निवड कोकरांच्या संख्येवर आणि वजनावर गेली. बनबिहारी निंबकरांनी फलटणला 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली चिमुकली गारोल मेंढी आणून तिच्यातलं जुळ्यांचं जनुक दख्खनीत उतरवलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. हे जनुक ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनोतही सापडतं आणि तिथे ते अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून गेलेल्या मेंढ्यांमार्फत पोहोचलं असं मानलं जातं. या कामात लोकरीला आणि रंगाला जवळजवळ स्थान नव्हतं, आणि तसं ठरवूनच नव्हतं. निवडीचं उद्दिष्ट एकच असलं की काम किती स्वच्छ होतं याचा तो उत्तम नमुना आहे.

चौथा प्रवाह हौसेचा आणि बाजाराचा. आज सगळ्यांत जोरात हाच. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी उंच, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची. तिच्या अंगावर लोकर नावापुरतीच. 2020 साली आटपाडीच्या बाजारात आलेल्या एका माडग्याळ एडक्याला सत्तर लाखांची मागणी आल्याच्या बातम्या छापून आल्या. किंमत नाकाची होती, देखणेपणाची होती. बकरी ईदच्या बाजारात कपाळावर चंद्रकोरीसारखी खूण असलेल्या बोकडाला काय भाव येतो हे कोणत्याही व्यापाऱ्याला विचारावं. गावच्या देवाला काळाच बोकड लागतो. तांबडं डोकं आणि पांढरं अंग दिसलं की बोअर समजून पैसे मोजणारे गिऱ्हाईक आहेतच. यात वाईट काही नाही; ज्याला भाव मिळतो ते पाळणारा पाळणारच. पण त्याने विकायचा बोकड आणि पैदाशीला ठेवायचा बोकड एकाच खुणेवरून निवडू नये.

आता परत कोकणात. लोकर नसली तरी अंगावरच्या केसांची आणि रंगाची निवड इथेही झाली, आणि तिचा न्यायाधीश पाऊस होता. कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गातली शेळी. 1981 पर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिचा अभ्यास केला, निळेलीच्या प्रक्षेत्रावर तिचे कळप राखले, आणि राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे ती स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. काळं अंग, आखूड तुळतुळीत केस, लोंबत्या कानांच्या पांढऱ्या कडा, नाकपुडीपासून कानापर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, पायांवर काळ्या-पांढऱ्या खुणा. आखूड केसांत पाणी साठत नाही, अंग लवकर सुकतं. हा गुण पावसाने निवडला. कानांच्या पांढऱ्या कडांचा पावसाशी काही संबंध असेल असं मला वाटत नाही. ती ओळखीची खूण आहे, आणि नोंदणीसाठी अशा खुणा लागतातच. धोका इतकाच, की नोंदणीनंतर लोक कडा आणि पट्टे मोजत बसतात आणि जुळी देणारी, दुधाची, पण कडा जरा पुसट असलेली पाट बाजारात जाते. आपल्याच कोकण कपिला गाईच्या बाबतीत निसर्गाने हा मोह टाळला आहे: ती तांबूस, काळी, पांढरी, करडी, मिश्र अशा सगळ्या रंगांत येते, आणि रंगावरून तिला कोणी बाद ठरवू शकत नाही.

हे पुस्तक आत्ता यायला तीन कारणं आहेत. पहिलं, लोकर आज मेंढपाळाच्या गळ्यातलं ओझं झाली आहे. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त होते आणि कातरलेली लोकर माळावरच पडून राहते. अशा वेळी कोणी राठ, भरघोस लोकरीचा एडका का ठेवील? काळी दख्खनी या वाटेने मागे सरते आहे, आणि तिच्याबरोबर लोकर फाकून पाहणारी बोटंही. अंथ्रासारख्या संस्थांनी दख्खनीच्या बाजूने बरंच काम केलं, पण बाजार उलट दिशेला ओढतो. दुसरं, राज्याची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना 2017 पासून वीस मेंढ्या आणि एक मेंढानर असा गट देते. मुंबई आणि मुंबई उपनगर सोडून ती राज्यभर लागू आहे, म्हणजे कागदावर रत्नागिरीतही! ती वीस मेंढरं इथल्या श्रावणात कशी तगायची हा प्रश्न वेगळा. पण जिथे ती तगतील तिथे पुढच्या प्रत्येक कोकराचं निम्मं रक्त त्या एका नराचं असणार आहे. तो निवडणाऱ्याच्या हातात काहीतरी विश्वासाचं असावं. तिसरं कारण घोंगडीचं. शहरांत तिला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागलं आहे, थोडं असेल पण चोखंदळ. तिला लागणारी लोकर मात्र पूर्वीची नाही. पाठीवर खोळ घ्यायची नसून अंथरायची, आसनाला घ्यायची असल्यामुळे राठपणा कमी चालतो, जावळाला मागणी येते. म्हणजे निवडीचं उद्दिष्ट पुन्हा हललं आहे, आणि ते लिहून ठेवायची हीच वेळ आहे.

या संग्रहात लिहिणारे एका मताचे नाहीत. पशुवैद्य आहेत, मेंढपाळ घरांत वाढून शिकलेले आहेत, मागावर बसणारे आहेत, शेळ्यांचा व्यापार करणारेही आहेत. एकाच एडक्याच्या छायाचित्रावर त्यांपैकी चौघांनी स्वतंत्रपणे मत दिलं आहे आणि चारही मतं वेगळी आहेत. संपादनात ती जुळवून घ्यायचा मोह आवरला. ज्याला मोजायचं आहे त्याला मोजायच्या रीती मिळतील, पण प्रयोगशाळेवाचून जमतील अशाच: काट्यावर कातरणीचं वजन, बोटांनी बटेची लांबी, पांढऱ्या कागदावर काळी आणि काळ्या कागदावर पांढरी लोकर पसरून केस वेगळे मोजणं. जनुकांचा भाग तेवढाच घेतला आहे जेवढा पैदाशीचा नर ठरवताना उपयोगी पडतो.

काही गोष्टी मुद्दाम बाहेर ठेवल्या. कातड्याचा धंदा, दुधाळ शेळ्यांचा तपशील, रोगांची यादी. यांवर चांगली पुस्तकं आहेत. अल्पाका भारतात आणून पाळावेत का, असं विचारणाऱ्यांसाठीही स्वतंत्र प्रकरण नाही. कोकणात तर त्याची गत मेंढीहून वाईट होईल. शेवटी नोंदवहीचे कोरे तक्ते जोडले आहेत. त्यात कोकराचा रंग लिहायला एकच रकाना आहे, आणि आईच्या मागच्या तीन वेतांसाठी सहा. छापखान्याने हे उलट झालं आहे का म्हणून विचारलं होतं. झालेलं नाही.